लावलेलं गाणं

रिसोडहून शिरपूरच्या रस्त्याला लागलं की शांतवन इंगोल्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान लागायचं. आसपासच्या मळ्यांतल्या विहिरींवर जळलेल्या मोटारी तिथे यायच्या आणि शांतवन दिवसभर त्यांत नवी तांब्याची तार भरत बसायचे. संध्याकाळी रॉकेलनं हात पुसून, वर साबण लावून ते चर्चमध्ये जाऊन पेटीवर बसायचे. चर्च लहानच होतं. पत्र्याचं छप्पर, चुन्याच्या भिंती, आणि गावातली वीसेक ख्रिस्ती घरं. त्यातल्याच दहाबारा जणांना गोळा करून शांतवननी गायन मंडळ उभं केलं होतं. बायको लिलाबाई त्यात होती, खर्जात गाणारे म्हातारे भाऊसिंग होते, आणि परकरात असल्यापासून मुलगी निकिता होती.

नाताळला हे मंडळ बरीच गाणी गाई, पण लोक वाट पाहत ते घोंगडीच्या गाण्याची. ते शांतवनच्या वडलांनी बांधलेलं. ते रिठदचे, भजनात वाढलेला माणूस. येशूजन्माची गोष्ट त्यांनी आपल्या बोलीत आणली होती.

गोठ्यामंदी बाळ निजे, थंडी लई पडली,
घोंगडी घेऊन चला, माय त्याची रडली.

'रडली' या शब्दावर सगळे थांबत. तेवढ्यात निकिताचा एकटीचा आवाज वर चढे, तिथे थोडा टेके आणि हळूहळू खाली उतरून सगळ्यांच्या आवाजात मिसळे. चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी मंडळ घरोघर जाई. शेवटचा मुक्काम हबीबभाईंकडे असे. हबीबभाईंचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा, दुकान शांतवनच्या दुकानाला लागूनच. त्यांची बायको सरवरी सगळ्यांसाठी अद्रक घालून चहा ठेवी आणि गाणं परत एकदा म्हणायला लावी.

निकितानं अकोल्याला नर्सिंग केलं, मग काही वर्षं वाशिमच्या एका खाजगी दवाखान्यात काढली. तिच्याबरोबरच्या मुली एकेक करून परदेशी गेल्या. तिनंही इंग्रजीची परीक्षा दिली आणि आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात तिची निवड झाली. लिलाबाईंनी दोन दिवस तोंडात घास घातला नाही. शांतवन मात्र म्हणाले, "जाय. मी आयुष्यभर याच रस्त्यावर बसलो. तू तरी जग पाय."

"नाताळात वरचा सूर कोन लावन?" निकितानं विचारलं.

"अंजू हाय ना." अंजू ही भाऊसिंगांची नात, शाळेत जाणारी.

"तिले नाई जमत, बाबा. अर्ध्यातून घसरते."

"घसरू दे. लेकरू हाय. शिकन."

निकितानं जाण्याआधी अंजूला रोज बसवून शिकवलं. पोरगी मन लावून गायची, पण इतरांचे आवाज सुरू झाले की त्यांच्यामागे वाहत जायची. शेवटच्या दिवशी निकितानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पेटीचा भाता बंद केला.

आयर्लंडातलं ते गाव समुद्राकाठी होतं. वारा इतका की छत्री टिकत नसे, आणि हिवाळ्यात चार वाजताच अंधारून येई. निकिता म्हाताऱ्यांना उठवायची, अंघोळ घालायची, भरवायची. काम कठीण नव्हतं, माणसंही वाईट नव्हती. पण दिवसभरात आपल्या भाषेतला एकही शब्द कानावर पडत नसे. म्हणून चादरी बदलताना ती स्वतःशीच गुणगुणायची. ते आश्रमाच्या कार्यालयात बसणाऱ्या मॉरीनबाईंनी ऐकलं. साठी ओलांडलेल्या मॉरीनबाई गावातल्या चर्चचं गायन मंडळ चालवायच्या. "बुधवारी संध्याकाळी ये," एवढंच त्या म्हणाल्या.

निकिता गेली. तीस-चाळीस माणसं होती. मासेवाला, शाळेतल्या शिक्षिका, एक निवृत्त पोलीस. तिला त्यांनी मधल्या रांगेत उभं केलं, हातात कागद दिले, आणि गायला सुरुवात केली. चारी बाजूंनी आवाज आले आणि निकिताला एकदम आपण घरी उभ्या आहोत असं वाटलं. त्यानंतर तिनं एकही बुधवार चुकवला नाही. कामाच्या पाळ्या ती त्याप्रमाणे बदलून घ्यायची.

ऑक्टोबरात मॉरीनबाईंनी विचारलं, "तुमच्याकडचं नाताळचं एखादं गाणं आहे का? आपण बसवू."

निकितानं त्याच दिवशी घरी फोन लावला. शांतवन म्हणाले, "आपलं गानं? त्यायले जमन?"

"तुमी शिकवलं तं जमन. सगळे आवाज येगयेगळे भरून पाठवा."

दुसऱ्या दिवशी शांतवननी दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज यायला नको, आणि फोनवर एकेक आवाज स्वतःच गाऊन भरला. भाऊसिंगांचा खर्ज, बायकांची चाल, आणि गळा बारीक करून निकिताचा वरचा सूरसुद्धा. लिलाबाई नंतर हसत सांगत होत्या, "हबीबभाई बाहीरून इचारून राह्यले होते, शांतवनभाऊले दमा लागला का म्हनून."

"भाऊसिंग आजोबायले कायले नाई गायला लावलं?" निकितानं विचारलं.

"ते जरा बाहीरगावी हायेत," लिलाबाई म्हणाल्या आणि दुसरा विषय काढला.

गाणं बसायला महिना लागला. त्या लोकांना 'ळ' म्हणता येईना. 'बाळ'चं 'बाल' व्हायचं, 'घोंगडी'चं 'गोंगडी'. घोंगडी म्हणजे काय ते निकितानं हातानं दाखवून सांगितलं. मासेवाला म्हणाला, आमच्या आजीकडेही असलंच जाड लोकरीचं पांघरूण होतं, भिजलं की मेंढरासारखा वास यायचा. सगळे हसले. त्यानंतर ते गाणं त्यांनी जास्त मनापासून धरलं.

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. दगडी चर्च, उंच छत, खचाखच भरलेली बाकं. निकितानं हे गाणं जन्मापासून ऐकलं होतं, पण त्या दिवशी जे ऐकलं ते पहिल्यांदाच. घरी ज्या आवाजाला एक गळा होता त्याला इथे आठ-दहा होते. छताला लागून तो नाद परत खाली येत होता. 'रडली'वर सगळे थांबले आणि तिनं सूर लावला. तो इतका लांब गेला की तिलाच कळेना, कधी उतरायचं. गाणं संपल्यावर लोक उठून उभे राहिले.

चित्रफीत त्याच संध्याकाळी तिनं घरी पाठवली. शांतवनचं उत्तर सकाळी आलं. "आयकलं. लई मोठं झालं गानं."

नाताळच्या दिवशी तिची पाळी होती. लेकरंबाळं असलेल्यांना सुट्टी मिळावी म्हणून तिनं स्वतःच मागून घेतली होती. म्हाताऱ्यांच्या डोक्यावर रंगीत कागदाचे मुकुट होते. काहींची मुलं येऊन भेटून गेली होती, काहींची येणार नव्हती. जेवणाच्या सुट्टीत निकितानं कोट टांगायच्या खोलीत बसून घरी फोन लावला. रिसोडला तेव्हा संध्याकाळ होत होती. लिलाबाई नव्या साडीत होत्या. त्यांनी फोन फिरवून दारावरचा चांदणीचा कंदील दाखवला, करंज्यांचा डबा दाखवला.

"सकाळची उपासना कशी झाली?" निकितानं विचारलं.

"मस्त झाली. चर्च भरून होतं. घोंगडीच्या गान्याले तं लोकं रडले."

"अंजूनं सूर लावला?"

"नाई बाप्पा. तुह्यावालं लावलं ना. तू पाठोलं ते. हबीबभाईनं मोठा स्पीकर आनून देल्ला. असा आवाज घुमला का, बाहीर रस्त्यावरचे लोक थांबले."

निकिताला क्षणभर समजलं नाही. "लावलं म्हंजे? अन् तुमी?"

"आमी आयकलं."

"गायलं नाई तुमी?"

लिलाबाईंनी फोन शांतवनच्या हातात दिला. ते पलंगावर टेकून बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. म्हणाले, "कायले गाव, निकिता? तिकडं एवढी मानसं सुरात गाऊन राह्यली, अन् इथं बाकीचे पांगले, उरलो आमी चौघं. खर्जाले कोनी नाई, वर कोनी नाई."

"खर्जाले भाऊसिंग आजोबा हायेत ना."

शांतवन म्हणाले, "भाऊसिंग दसऱ्याच्या अगोदरच गेले. तुले परदेशात कायले तरास, म्हनून नाई सांगतलं."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. निकितानं घरच्या रीतीनं "सलाम, बाबा," म्हणून फोन ठेवला. तोंड धुतलं आणि परत जेवणघरात गेली. एका म्हातारीनं तिचा हात धरला. ती कार्यक्रमाला चाकाच्या खुर्चीवरून आली होती. म्हणाली, ते तुझ्या देशाचं गाणं म्हण ना. घसा दुखतोय, असं निकितानं सांगितलं आणि तिच्या पुढ्यात गोडाची बशी ठेवली.

पुढच्या बुधवारी ती गायला गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मॉरीनबाईंनी विचारलं तेव्हा पाळ्या जमत नाहीत म्हणाली. त्या बाईंनी जास्त खोदून विचारलं नाही.

वर्षभर तिनं एकच गोष्ट ठरवून ठेवली होती. येत्या नाताळला घरी जायचं, आणि मंडळ उभं करायचं. सगळी रजा तिनं डिसेंबरासाठी राखली.

ती उतरली तेव्हा शांतवन स्टँडवर घ्यायला आले होते. सदरा खांद्यावर लोंबत होता. पिशवी उचलून चार पावलं चालले आणि थांबून श्वास घेऊ लागले. वाइंडिंगच्या वार्निशच्या वासानं छाती भरते, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून निकिता घरोघर फिरली. कुणी नाही म्हटलं नाही. पण संध्याकाळी चर्चमध्ये आल्या त्या लिलाबाई, आणखी दोघी बायका, अंजू, आणि पाचसहा लहान पोरं. शांतवन पेटीवर बसले. पोरांनी आपणहून घोंगडीचं गाणं सुरू केलं. सगळ्यांना ते पाठ होतं. निकिता ऐकत राहिली. पोरं गात होती,

गोठ्यामंदी बाल निजे...

"बाल नाई रे," ती म्हणाली. "बाळ. आपल्या घरी लेकराले काय म्हनता?"

"बाळ," एक मुलगी म्हणाली. "पन गान्यात बाल हाय."

"कोनं सांगतलं?"

"हबीबभाईच्या दुकानातल्या स्पीकरमंदी तसंच म्हनते. आमी रोज आयकतो."

निकितानं शांतवनकडे पाहिलं. ते पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होते. तिनं पोरांना शब्द नीट शिकवला. चार-पाच संध्याकाळी त्यावरच गेल्या. पोरं तिच्यासमोर 'बाळ' म्हणत आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना पुन्हा 'बाल'.

नाताळच्या सकाळी उपासनेत ती सगळी उभी राहिली. शांतवननी पेटीवर चाल धरली आणि पहिली ओळ स्वतः म्हणायला घेतली. "गोठ्यामंदी बाळ निजे" इथपर्यंत आवाज आला आणि तुटला. ते वाजवत राहिले, पण परत गायले नाहीत. निकितानं चाल उचलली. अंजूनं साथ दिली, लिलाबाईंनी दिली. 'रडली'वर निकिताचा सूर वर गेला, पण खाली त्याला धरून ठेवायला काही नव्हतं. पत्र्याखाली तो एकटाच राहिला आणि तिनं तो लवकर उतरवला.

बाहेर पडताना चर्चमधल्या एक वयस्क बाई तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "लई गोड गायली, माय. पन ते मागच्या सालचं कसं भरल्यासारखं वाटे. पुढच्या साली तेच लावा."

शांतवन बाजूलाच उभे होते. घराकडे जाताना ते सावकाश चालत होते. लिलाबाई पुढे निघून गेल्या होत्या, चहाचं आधण ठेवायला. हबीबभाईंच्या दुकानाच्या ओट्यावर शांतवन टेकले आणि निकितालाही बस म्हणाले.

"मी मधातच काहून थांबलो, तुले वाटलं असन छातीनं थांबलो."

"मंग कायनं?"

"छातीचं हायच. पन तोंड उघडलं अन् मले तुह्या त्या लोकायचाच आवाज आयकू आला. एवढा मोठा. त्याच्यापुढं आपलं मले लहान वाटलं. मह्या बापाचं गानं, अन् मले ते मह्याच तोंडून म्हनाची लाज वाटली."

निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी पाठवाचंच नव्हतं ते, बाबा."

"नाई, पोरी. तू पाठोलं नसतं तं ते एवढं मोठं होऊ शकते, हे मले कवा समजलं असतं?" ते थोडा वेळ धाप टाकत बसले. मग म्हणाले, "पन समजल्यापासून पेटीकडं हात उचलत नाई."

जानेवारीत ती परत गेली. तिला विमानतळावर सोडायला यायचा हट्ट शांतवननी धरला नाही. दुकानापाशीच तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि जीप निघाली तशी शटर वर करायला वळले.

मे महिन्यात ते गेले. दुकानात मोटार उचलून ठेवताना खाली बसले ते उठलेच नाहीत. हबीबभाईंनीच त्यांना गाडीत घातलं, पण दवाखान्यापर्यंत काही उरलं नव्हतं. उन्हाळा इतका होता की वाट बघणं शक्य नव्हतं. निकितानं तिकीट शोधलं, पण कसंही केलं तरी दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळीच पोचली असती. फोनवर लिलाबाई म्हणाल्या, "नको धावू. तोवर थांबता येत नाई. मांगून येजो."

कबरस्तानात हबीबभाईंनी फोन हातात धरून तिला दाखवलं. निकिता आश्रमातल्या त्याच कोटाच्या खोलीत बसली होती. मॉरीनबाई दाराबाहेर खुर्ची घेऊन बसल्या होत्या, आत कुणी येऊ नये म्हणून. फोनवर तिला चर्चच्या पाळकांचे पाय दिसत होते, लाल माती दिसत होती, बायकांच्या पांढऱ्या साड्या दिसत होत्या. प्रार्थना झाली. मग पाळक म्हणाले, "शांतवनभाऊंचं आवडीचं गाणं लावू." हबीबभाईंनी स्पीकर आणलेला होता.

लिलाबाईंचा आवाज आला. "लावू नका. आमी गाऊ."

मे महिन्याच्या उन्हात थंडीचं ते गाणं त्यांनी एकटीनं सुरू केलं. ओळ अर्ध्यात आल्यावर अंजूचा आवाज आला, मग त्या दोन बायकांचा, मग एकेक करत बाकीच्यांचा. कुणी सुरात होतं, कुणी नव्हतं. निकिताही इकडे गाऊ लागली. थोड्या वेळानं हबीबभाईंनी फोन तोंडाजवळ घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बेटा, तुहा आवाज मांगून येऊन राह्यला. लोकं चुकून राह्यले."

निकितानं आपल्या बाजूचा आवाज बंद केला.

'रडली'वर तिकडे सगळे थांबले. वरचा सूर कुणी लावला नाही. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत राहिला, आणि कुणाच्या तरी हातातलं फावडं दगडाला लागल्याचा. निकितानं त्या खोलीत तो सूर लावला, जेवढा वर जात होता तेवढा नेला आणि खाली आणला. तोवर तिकडे पुढची ओळ सुरू झाली होती. दाराबाहेर मॉरीनबाईंनी तो ऐकला असावा. निकिता बाहेर आल्यावर त्या उठून तिच्यासाठी चहा करायला गेल्या.

जुलैत निकिता महिनाभर घरी राहून आली. दुकान रिकामं केलं. आईला बरोबर चल म्हणाली, तर लिलाबाई म्हणाल्या, तिथे मी कुणाशी बोलू? रात्री सोबतीला अंजू येते, तेवढं पुरे आहे.

हिवाळा लागल्यावर निकिता बुधवारी पुन्हा जाऊ लागली. मॉरीनबाईंनी तिला मागच्या रांगेत जागा दिली. हातात येतील ती गाणी ती गाते. आपलं कुठलं सुचवत नाही, आणि त्याही विचारत नाहीत. या नाताळला तिला रजा नाही.

परवा लिलाबाईंचा फोन आला. चर्चमध्ये संध्याकाळी परत बसायला सुरुवात केली म्हणाल्या. अंजू आहे, पोरं आहेत, पेटीवर बसायला कुणी नाही म्हणून नुसत्या टाळ्यांवर.

"कसं होऊन राह्यलं?" निकितानं विचारलं.

"बेसूर होते."

"होऊ दे, आई."

लिलाबाई म्हणाल्या, "निकिता, एक सांगतो. राग नको मानजो. यंदा तिकडून काई पाठवजो नको."

"नाई पाठोत," निकिता म्हणाली.